झाडाला बहीण नसते

दोर कातळावर नेऊन ठेवायचा होता. काम एवढंच. पण त्या एवढ्याशा कामाला सेजलनं वर्ष घालवलं होतं, आणि आता वैशाख उतरणीला लागला होता. पाऊस लागला की तिकडे जाणारी तांबडीची वाट बंद, म्हणजे आणखी एक वर्ष गेलं. तेवढं वर्ष तिचा भाऊ येसाजी काढील की नाही, याची आता कुणालाच खात्री राहिली नव्हती.

हा दोर कसला, ते आधी सांगायला हवं. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जो घाट चढतो, त्याच्या कुशीत मोहोळवाडी नावाची मूठभर घरांची वस्ती आहे. भात पिकतं ते जेमतेम चार महिने पुरतं, निम्मी माणसं मुंबईला. पण चैत्र लागला की वाडीतले छातीचे गडी कड्याला लटकणारी आग्या मोहोळं उतरवायला निघतात. वरून दोर सोडायचा, कमरेला गाठ मारून गड्यानं खाली उतरायचं, धूर करायचा आणि मोहोळ कापायचं. वर दोर धरायचा तो मात्र मेव्हण्यानं. सख्खा नसेल तर चुलत चालेल, मावस चालेल, पण बायकोच्या माहेरचाच हवा. स्वतःचा भाऊ एक वेळ वाटणीच्या तुकड्यासाठी हात सैल सोडील, मेव्हणा आपल्या बहिणीचं कुंकू आपल्या हातानं पुसणार नाही, असा वाडीचा हिशेब! शेजारी हत्ती बांधावा असं झाड असलं तरी दोर त्याला गुंडाळायचा नाही. का, तर म्हणे झाडाला बहीण नसते. पिढ्या गेल्या, पण यात कुणाला खोट दिसली नव्हती.

गेल्या वर्षी चैत्रात सेजलचा नवरा अनिल असाच उतरला. दोर धरायला येसाजीला नाते गावाहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आजोबांचं नाव मिळालेला हा तिचा धाकटा भाऊ, पूर्वी मुंबईत गोदामात माल चढवायचा, अंगानं नुसता पहाड. रिवाजाप्रमाणे अनिलनं काठावरून विचारलं, "धरलंस?" येसाजी म्हणाला, "धरलं." हा शब्द आल्याशिवाय गडी काठावरून पाय सोडत नाही. अनिल अर्ध्यावर पोचला आणि वारा फिरला, धूर उलटला, आग्या उठला. लटकलेल्या माणसाला निदान धुराचा आडोसा होता, वरच्याला काही म्हणजे काही नव्हतं. माश्यांचं नुसतं घोंगडं पडलं त्याच्या अंगावर! येसाजीनं डोळे मिटले, तोंड मातीत खुपसलं, पण दोर सोडला नाही. लांबून बघणारे सांगतात की त्यानं पुष्कळ वेळ धरला. मग त्याची शुद्ध गेली आणि हात आपोआप उघडले.

अनिल गेला. येसाजी सुजून दवाखान्यात पडला होता. डोळे उघडता येऊ लागले तेव्हा त्यानं पहिल्यांदा आपल्या हातांकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून तो हातांकडेच बघत होता.

ज्या दोरावरून माणूस गेला, त्या दोराला पुन्हा काम सांगायचं नाही, त्याचं वेटोळंही उलगडायचं नाही. खिंडीपलीकडे दोरांचा कातळ आहे, तिथं तो ठेवून यायचा. खुंटीवरून काढायचा तो विधवेनं, वाहून न्यायचा तो धरणाऱ्यानं. आणि कातळावर ठेवल्यावर विधवेनं म्हणायचं, 'दोर ठेवला, हात मोकळे.' तोवर धरणाऱ्यानं बहिणीच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, तिथलं पाणीही प्यायचं नाही.

अनिलचा दोर वर्षभर मांगरात, गवताच्या भाऱ्यांवरच्या खुंटीला तसाच होता. त्यानंच घायपाताचा वाख काढून गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात ओटीवर बसून वळलेला. दोराच्या टोकाला त्याच्या कमरेची गाठसुद्धा तशीच होती. लोक म्हणायचे, बिचारी दुःखात आहे, होईल तेव्हा होईल. दुःख होतंच, पण सेजल दुःखासाठी थांबली नव्हती. तिला राग होता. येसाजी दर अमावास्येला यायचा, ओटीच्या खालच्या पायरीवर पाठ करून बसायचा, पाणीही स्वतःच्या बाटलीतलं प्यायचा, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचा. सेजल आतून ती पाठ बघायची आणि मनात म्हणायची, बस, असाच बस, माझा नवरा खाली गेला, तू निदान बस तरी. असं तिला वाटायचं, आणि वाटतं म्हणून स्वतःचीच किळसही यायची.

मग एका सकाळी येसाजीची बायको सोनाली एकटीच आली, काखेत सहा महिन्यांची पोर घेऊन. पोरीला अजून नाव नव्हतं. बाळाचं नाव ठेवायचं आत्यानं, आणि आत्या सुतकी तोंडानं घरात बसलेली, म्हणून बारसं राहिलंच होतं. पण सोनालीचं गाऱ्हाणं बारशाचं नव्हतं. येसाजीनं पोरीला अजून एकदाही उचललं नव्हतं. शेजारी बसायचा, बोट पुढे करायचा, पोर ते मुठीत धरायची, बस्स. परवा ती लोळत खाटेच्या काठाला आली. हा समोरच होता. नुसता ओरडला, हात काही पुढे केले नाहीत. पोर पडली. सोनालीनं पोरीच्या कपाळावरचं टेंगूळ सेजलला दाखवलं आणि म्हणाली, "ते सांगतात, माझ्या हातात काय ऱ्हात नाय."

सेजलची सासू तुळसा चुलीपाशी होती. ती उठून आली, पोरीच्या कपाळावरून हात फिरवला आणि सुनेकडे वळली.

"माझा लेक गेला, मी रडले. तुझा भाव जिता हाय, त्याला का मारतंस गो?"

सेजल मांगरात गेली. दोर खुंटीवरून काढताना अंगावर धुळीचा लोट आला. ती तिथंच गवतावर बसून राहिली.

निघाली ती तिघं. सेजल, येसाजी आणि प्रियदर्शिनी बाई. बाई महाडच्या. पोलादपूरकडच्या ज्या शाळेत सेजल मुलांची खिचडी शिजवायची, तिथं त्या भूगोल शिकवायच्या. अनिल गेल्यावर गावातल्या बायका धीर देऊन गेल्या त्या गेल्या, या बाई मात्र दर शनिवारी शाळा सुटली की चुलीपाशी येऊन काही न बोलता तांदूळ निवडत बसायच्या. दोरांचा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा आहे असं त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी बघितला नव्हता. येऊ का, असं त्यांनी विचारलं. सेजलला बरंच वाटलं. भावाबरोबर एकटीनं एवढी वाट चालायची कशी, याचीच तिला धास्ती होती.

घाटातल्या मोठ्या वळणावर, जिथं रेलिंग लावून पॉइंट केला आहे, तिथं तिघं एसटीतून उतरली. सकाळीच गाड्यांची रीघ. कणसं भाजणाऱ्याची टोपली, चहाची टपरी, आणि दरीकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढणारी मंडळी. समोर डोंगराच्या भिंती एकीवर एक थर रचल्यासारख्या उभ्या होत्या, काळा थर, मध्ये बोटभर लाल रेघ, पुन्हा काळा थर. पार पलीकडे खिंडीच्या वर एक उघडा काळा पट्टा उन्हात तापत होता. तोच कातळ. बाईंनी सांगितलं की हा सगळा मुलूख एकेकाळी विस्तवाच्या पुरात बुडाला होता. एक पूर आला, थिजला, त्यावर हजारो वर्षांची माती साठली, मग दुसरा पूर आला आणि त्यानं ती माती भाजून लाल केली. ती लाल रेघ म्हणजे दोन पुरांमधली विश्रांती. सेजल म्हणाली, त्या रेघेवरूनच आपली वाट आहे, आम्ही तिला तांबडी म्हणतो. बाईंच्या कपाळावर आठी पडली. दोन्ही थर दगडाचे, पण मधली रेघ मातीचीच, ओली झाली तर तिचा भरवसा धरू नये, असं त्या म्हणाल्या. आभाळात तेव्हा कापसाएवढाही ढग नव्हता.

येसाजी टपरीपासून लांब उभा होता, खांद्यावर दोराचं वेटोळं. एका पर्यटकानं मोठ्या हौसेनं त्याला विचारलं, रॅपलिंगचं सामान का, कितीला होतं माणशी? येसाजी त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी सेजलनंच त्याला खुणेनं वाटेला लावलं.

रेलिंगच्या बाजूनं उतरली आणि शंभर पावलांत मोटारींचा आवाज मावळला. खाली नुसता घसारा. पाय ठेवावा तिथली दगडं पोटापाण्याला निघाल्यासारखी खाली पळायची. मग कारवीचं रान, वाळून खडखडीत झालेलं, तोंडावर सपासप मारणारं. ओढ्यात पाणी नव्हतं. खिंडीच्या पायथ्याच्या टाक्यात असेल, या भरवशावर ती चढली, तर टाक्याच्या तळाशी शेवाळाचं कातडं आणि एक मेलेली धामण. बाईंनी आपल्या पिशवीतली कोकम सरबताची बाटली काढून तिघांत वाटली. येसाजीनं घेतली नाही. बहिणीबरोबर वाटून काही तोंडात घालायचं नाही, हा नेम तो रानातही सोडायला तयार नव्हता. ओठ फुटले होते तरी नाही.

सेजलचा राग उफाळून आला. उपाशी राहून कुणाला दाखवतोस, असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण तो खाली बसला तेव्हा तिची नजर त्याच्या हातांवर गेली. तळव्यांवर आडव्या पांढऱ्या खुणा होत्या. मुंबईच्या गोदामातल्या नव्हत्या त्या, वाखाच्या होत्या. दोर मांसात शिरेपर्यंत यानं धरला होता. वर्षभर हा पायरीवर बसत होता आणि तिनं फक्त पाठ बघितली होती. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि पुढे झाली.

खिंड ओलांडली तेव्हा दुपार कलली होती आणि पश्चिमेकडून ढग चढत होते. वळीव! बाई म्हणाल्या, परत फिरावं. येसाजी थांबला. त्यानं बहिणीकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांत इतकी काकुळती होती की सेजलनं बाईंना सांगितलं, एवढीच तांबडी, ती गेली की कातळ. बाईंनी एकदा ढगांकडे आणि एकदा त्या पोराच्या डोळ्यांकडे बघून पदर खोचला.

तांबडी म्हणजे कड्याच्या कुशीतली पायवाट. डोक्यावर काळ्या थराचं छत पुढे आलेलं, पायाखाली ती लाल माती, आणि डाव्या हाताला काही नाही. छताला जागोजाग मोहोळं, काळीभोर, मधूनच अंगावर शहारा आल्यासारखी हलणारी. तिघं श्वास धरून चालली. मध्ये एके ठिकाणी गेल्या पावसाळ्यानं वाटेचा घास तोडला होता. उडी नको, पण टांग लांब टाकायला हवी. पलीकडे खडकाच्या भेगेत एक उंबर मुळं रोवून बसला होता. सेजल गेली. येसाजी गेला. तेवढ्यात पहिले टपोरे थेंब पडले, आणि बाईंनी पाय उचलला.

माती गेली!

आवाजसुद्धा झाला नाही. बाई होत्या आणि नव्हत्या. सेजल काठाशी पालथी पडली आणि खाली बघितलं. दोन माणसांच्या उंचीएवढं खाली तांबड्या मातीचा एक टप्पा, त्यावर करवंदीची जाळी, आणि जाळीत बाई. जिवंत. एक हात हलवत होत्या, दुसऱ्यानं घोटा धरलेला. त्यांच्या खाली मात्र थेट दरी. पाऊस कोसळला. बघता बघता टप्प्याच्या कडेचं एक ढेकूळ सुटलं आणि गेलं. मग दुसरं.

बाईंच्या पिशवीत खडूपासून आयोडेक्सपर्यंत सगळं असायचं, दोर तेवढा नव्हता. दोर एकच होता. सेजलनं येसाजीच्या खांद्याला हात घातला, तसा तो मागे सरून खडकाला चिकटला.

"ह्यो नाय, ताई. ह्यो उलगडायचा नाय."

"दुसरा कुठं हाय?"

"मग मी उतरतो. तू धर."

"तुझं वजन मला पेलणार हाय? मी उतरते. तू धर."

त्यानं हात पाठीमागे नेले. आपल्या हातात काही राहत नाही, आपण पोरीलाही धरत नाही, असं काहीबाही तो बोलत राहिला. सेजलनं त्याच्या खांद्यावरून वेटोळं ओढून काढलं. वर्षभर न उलगडलेला दोर तिनं उलगडला आणि त्याचं मोकळं टोक उंबराच्या मुळाला दोनदा गुंडाळून गाठ मारली. ते बघून येसाजी भान आल्यासारखा पुढे झाला. कड्यावर वाडीच्या कुणी हे केलं नव्हतं.

"झाडाला बांधतंस? झाडाला बहीण नसते."

"नसूंदे," सेजल म्हणाली. "झाडाला माशीपन डसत नाय."

आणि बोलता बोलताच तिला ते दिसलं, लख्ख, जसं काही कुणी समोरचं दार उघडलं. त्या दिवशीही काठावर झाड होतं. अंजनीचं, बुंधा मांडीएवढा. दोराचा एक वेढा त्याला दिला असता तर...

"येसाजी, इकडं बघ. तुझे हात नाय चुकले. आमची वाडी चुकली. एक वेढा झाडाला दिला असता तर माझा नवरा आज असता. वर्षभर मी तुझ्यावर डूख धरला, तो धरायचा नव्हता."

पावसानं येसाजीचं सगळं तोंड भिजलं होतं, तेव्हा रडत होता की नव्हता ते कळायला मार्ग नव्हता. सेजलनं अनिलच्या गाठीचा फेर डोक्यावरून आत घेतला. नवऱ्याच्या कमरेचा तो फेर तिला सैल होत होता. तिनं तो पिळून घट्ट केला. वाख अंगाला लागला, पण आता रडायला सवड नव्हती. ती काठावर बसली, दोर भावाच्या कमरेमागून घेऊन त्याच्या हातात दिला.

"धरलंस?"

येसाजीचे ओठ हलले. शब्द नाही. खाली आणखी एक ढेकूळ सुटलं.

"येसा, धरलंस?"

"धरलं," तो म्हणाला.

तिनं पाय सोडले. ओला दगड, बोटाएवढ्या खाचा. वर मोहोळांचा घुमारा, पाऊस आहे म्हणून थबकलेला, पण जागा. एक पाऊल. आणखी एक. दोर वरून हातभर, हातभर सुटत होता, धक्का नाही, झोल नाही. ती जाळीत उतरली. बाईंचा चेहरा पांढराफटक, पण डोकं ठिकाणावर. सेजलनं काढून दिलेला फेर त्यांनी स्वतःच अंगात घातला, आणि चांगला पाय दगडाला रेटत, येसाजीच्या ताकदीवर, फरफटत का होईना, काठावर गेल्या. दोर परत खाली आला. सेजलनं तो घातला, वर बघून हाक दिली, एक पाय खाचेत रोवला आणि दुसरा उचलला.

तेवढ्यात टप्पा खचला!

जाळीसकट, मातीसकट, सगळा. खाचेतला पाय निसटला. ती कड्यावर आपटली, फिरली, पुन्हा आपटली. पायाखाली पावसानं भरलेली दरी. कमरेला वाखाचा दाब असा की श्वास मिळेना. अनिलनं हेच बघितलं असेल. एवढंच तिच्या मनात आलं. त्यानं शेवटी हेच बघितलं. मग ती वाट बघत राहिली, दोर सुटायची. सुटला नाही. ताणलेलाच राहिला. मग वीतभर वर सरकला. पुन्हा एक वीत.

काठावर कोपर टेकलं तेव्हा तिनं पहिल्यांदा समोर बघितलं. येसाजी टाचा मातीत रोवून बसला होता, दोर कमरेमागून घेऊन मुठीत आवळलेला, मुठींतून रक्त. मागून बाईंनी त्याचा सदरा दोन्ही हातांनी धरला होता. आणि त्याच्यामागे, त्याच्यापासून उंबरापर्यंतचा दोर सैल होता. मध्ये झोल पडला होता आणि झोलातून पावसाचं पाणी ठिबकत होतं. झाडावर भार आलाच नव्हता.

सेजलनं त्या झोलाकडे बोट दाखवलं. तिनं येसाजीचं डोकं कुशीत घेतलं आणि दोघं बहीणभाऊ त्या अरुंद वाटेवर, वर मोहोळं आहेत हे विसरून, पोटातून रडली. वर्षभराचं रडणं होतं ते.

पाऊस आला तसा गेला. बाईंना मध्ये घेऊन ती कातळावर पोचली, तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि ओला कातळ चकाकत होता. बाई बसल्या त्या बघतच राहिल्या. सबंध माळभर दगडाचे दोर! एकाशेजारी एक वळलेले, वेटोळी घातलेले, पीळ पडलेले. वाहत्या विस्तवावर साय धरली, खालचा विस्तव पुढे सरकला तशी साय सुरकुतली, आणि सुरकुत्या तशाच थिजल्या, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. फोटो मात्र त्यांनी काढला नाही. कारण दगडी वेटोळ्यांमध्ये दुसरे दोर होते, वाखाचे, अंबाडीचे. काही काळे पडलेले, काहींची नुसती भुकटी. सेजल त्यांच्यामधून फिरली. एकेक दोर म्हणजे एकेक गडी, आणि वर धरणारा एकेक मेव्हणा. एवढ्या साऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं की झाडाला एक वेढा द्या.

आता खरी अडचण होती. दोर इथं ठेवला तर तुटलेल्या वाटेवरून लंगड्या बाईंना परत न्यायचं कशाच्या आधारानं? आणि नेला, तर येसाजीचे हात मोकळे होत नाहीत. येसाजी म्हणाला, दोर न्या, माझं राहू दे. सेजलनं बाईंकडे बघितलं. आज आधीच एक नियम मोडलाय, असं ती म्हणाली.

"माझं घर चवदार तळ्याशेजारी आहे," बाई म्हणाल्या. "त्या पाण्याला आमच्या माणसांनी हात लावायचा नाही, असाही नियमच होता. माझ्या पणजोबांनी तो ओंजळीनं मोडला."

सेजलनं रानवाटेसाठी आणलेला कोयता घेतला आणि दोराच्या टोकाचा तो फेर, अनिलच्या हातची गाठ, तेवढी कापली. एका दगडी वेटोळ्याच्या पोटात ती ठेवली. हात लगेच उचलवेना. ती गाठ त्यानं बांधली होती, तीत त्याचा घाम होता, आणि आता ती इथं उन्हापावसात काळी पडणार होती. तिनं गाठीवर गाल टेकला. मग उठली.

"दोर ठेवला," ती म्हणाली. "हात मोकळे."

येसाजीनं बाटलीसाठी हात पुढे केला आणि उरलेलं सरबत एका दमात प्याला. येताना दोर उंबराला बांधून त्यांनी बाईंना तुटलेल्या जागेवरून पार केलं, आणि अंधार पडायच्या आत घाटाचा रस्ता गाठला.

ज्येष्ठ लागताना नाते गावी येसाजीच्या घरी बारसं झालं. तुळसा स्वतः आली होती, पिशवीत उरलेला दोर घेऊन. पाळणा टांगायला तो पुढे केला तेव्हा बायका चरकल्या. मेलेल्या माणसाचा दोर पाळण्याला? तुळसानं कुणाकडे लक्ष दिलं नाही. "माझ्या लेकानं वळलाय तो," म्हणाली, आणि तुळईवरून टाकलेल्या दोराची गाठ दोनदा ओढून बघितली. मग कोपऱ्यात जाऊन डोळ्यांना पदर लावून बसली.

सेजलनं पोरीच्या कानात नाव सांगितलं, अनुष्का. बायकांनी 'कुर्र' करून रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. वर्षभरात त्या पाठीला कुणी हात लावला नव्हता, ती हसली आणि रडलीही. मग पाळण्यावरून बाळ द्यायची वेळ आली. पलीकडे सोनाली हात पसरून उभी होती. सेजलनं मान हलवली. तिनं पोरीला दोन्ही हातांवर घेतलं, पाळण्यावरून पुढे केलं, आणि दारापाशी उभ्या असलेल्या भावाकडे बघितलं. घरातली कुजबुज थांबली. येसाजी पुढे आला. तळव्यांवरच्या खपल्या अजून ओल्या होत्या.

"धरलंस?" सेजलनं विचारलं.

त्यानं पोरीच्या पाठीखाली एक हात घातला, मानेखाली दुसरा.

"धरलं, ताई. सोड."

सेजलनं हात काढून घेतले.